फोटोतल्या बोटीवरचे दिवे मी बसवलेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात एलईडी मासेमारीवर, म्हणजे प्रखर दिवे दाखवून मासे गोळा करण्याच्या बंदी असलेल्या पद्धतीवर, बातमी आली होती. बातमी बरोबर होती, तिच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार फोटोबद्दल आहे. फोटोत काळोखात एक बोट दिसते. डोलकाठीवर एक हिरवा दिवा, त्याच्या खाली पांढरा, आणि खाली ओळ छापलीय की ही एलईडी दिव्यांवर मासेमारी करणारी नौका. ती बोट आमच्या हर्णे बंदरातली आहे. ते दोन्ही दिवे मी माझ्या हातांनी बसवलेत. दोन्ही एलईडीचेच आहेत, आणि त्यांच्या उजेडाला एक तारलीसुद्धा फिरकत नाही.

वर हिरवा, खाली पांढरा याचा अर्थ 'मी ट्रॉल ओढतोय, मागे जाळं आहे, लांबून जा.' समुद्रावरची टक्कर टाळण्यासाठी १९७२ साली जे आंतरराष्ट्रीय नियम झाले त्यांत हे दिवे ट्रॉलरला सक्तीचे आहेत. म्हणजे जो नाखवा, बोटीचा मालक, कायदा पाळत होता, नेमका त्याचाच फोटो कायदा मोडणारा म्हणून छापला गेला. फोटो काढणाऱ्याला मी दोष देत नाही. किनाऱ्यावरच्या माणसाला समुद्रातला दिवा म्हणजे नुसता उजेड. आम्हाला तो पाटीसारखा वाचावा लागतो.

नाखवा पेपर घेऊनच माझ्या दुकानात आला. म्हणाला, "काका, हे काढा आणि जुने पिवळे बल्ब लावून द्या. एलईडी दिसला की केस होईल." त्याच्या मागोमाग चार दिवसांत आणखी तिघे तेच सांगून गेले. म्हणून हे पत्र. लांबलं तर कापा, पण बल्बांचा हिशेब तेवढा कापू नका.

मी १९८४ पासून बोटींचं वायरिंग करतो. वडील तांडेल, म्हणजे बोट चालवणारे. मीही खलाशी व्हायचो, पण मला बोट लागते, मळमळतं. तांडेलाच्या मुलाला बोट लागते ही गंमत आमच्या वाडीने बरीच वर्षं पुरवून पुरवून वापरली. शेवटी वडिलांनी मला दापोलीत एका मोटार वायरिंगवाल्याच्या हाताखाली ठेवलं. तिथून परतलो तो पक्कड आणि टेस्टर घेऊन. तेव्हापासून नांगरलेल्या बोटीवर चढायचं, काम करायचं आणि पोटात ढवळायच्या आत उतरायचं, असा माझा धंदा.

वडिलांच्या बोटीवर रॉकेलचे कंदील होते, एकाला लाल काच, एकाला हिरवी. नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, पाणी उडालं की गरम काच तडकायची, वारा वाढला की वात विझायची. जाळं ओढायला गॅसबत्ती. तिचं मेंटल एकदा पेटलं की राखेची जाळी होऊन बसतं, लाटेचा जरा दणका बसला की गळालंच. वडील नव्या मेंटलची पाकिटं तांदळाच्या डब्यात ठेवायचे, कोरडी राहावीत म्हणून. पुढे इंजिनाबरोबर बॅटरी आली आणि १२ व्होल्ट, २५ वॅटचा तारेचा बल्ब आला. मग ट्यूब. ती कडेला काळी पडायची आणि हिवाळ्याच्या पहाटे लुकलुकत बसायची. मग सीएफएल. घरात ठीक होता, पण खाऱ्या हवेत त्याच्या बुडातलं सर्किट एक मोसमही धड काढत नसे. डेकवर मासळी निवडायला ट्रकच्या हेडलाइटचे हॅलोजन लावले. १०० वॅटचा एक हॅलोजन आठ अँपिअर खातो, हात लागला तर फोड येतो, आणि तापलेल्या काचेवर पाणी उडालं की फट्. नवा बल्ब उघड्या बोटांनी धरू नका, बोटाचं तेल लागलेली जागा तापून काच तिथेच खराब होते, हे मी निदान पन्नास जणांना सांगितलं असेल. फडकं कुणी वापरलं नाही.

आता हिशेब. वाहत्या जाळ्याची बोट घ्या. जाळं सोडलं की इंजिन बंद, बोट रात्रभर प्रवाहाबरोबर. अशा बोटीने वर लाल आणि खाली पांढरा दिवा लावायचा असतो. २५ वॅटचे दोन बल्ब म्हणजे ५० वॅट, म्हणजे १२ व्होल्टला चार अँपिअरच्या थोडं वर. बारा तासांत ५० अँपिअर-अवर गेले. १०० अँपिअर-अवरच्या लेड-अॅसिड बॅटरीतून निम्म्यापेक्षा जास्त काढू नये, नाहीतर तिचं आयुष्य घटतं. म्हणजे नुसत्या दोन दिव्यांनी बॅटरी खाल्ली. केबिनचा दिवा, वायरलेस, जीपीएस अजून बाकीच. आणि पहाटे सेल्फ मारायचा त्याच बॅटरीवर. मग तांडेल काय करतो? रात्री दोन वाजता दिवे विझवतो. बॅटरी वाचवायला म्हणून. चहूकडे काळोख, मध्ये इंजिन बंद केलेली बोट, सगळे झोपलेले. आळशीपणा म्हणून कुणी दिवा विझवत नाही, संपादकसाहेब, सकाळी इंजिन सुरू होईल की नाही या धास्तीने विझवतात.

तेच दोन दिवे एलईडीचे लावले तर तीन-तीन वॅटमध्ये काम होतं. अर्धा अँपिअर. रात्रभरात सहा अँपिअर-अवर. दिवा विझवायचं कारणच उरत नाही. एलईडी कशासाठी, याला माझ्याकडे हे एक उत्तर पुरेसं आहे, बाकीची वरकड.

वरकडमधलं एक मात्र सांगतो. तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टेजबरोबर धाडकन पडतो. बॅटरी १२ वरून ११ वर आली की उजेड पाव हिश्शाने कमी. त्यात घरगुती वायरिंगची बारीक तार वापरलेली असली, तर बॅटरीपासून काठीपर्यंत जाईतो वाटेतच पाऊण-एक व्होल्ट खर्ची पडतो. चांगल्या एलईडी दिव्यात ड्रायव्हर नावाचं छोटं सर्किट असतं. बॅटरी १० व्होल्टची असो की २४ व्होल्टची, तो चिपला हवा तेवढाच करंट देतो, उजेड तसाच राहतो. तार मात्र एलईडीलासुद्धा चांगलीच हवी. नुसत्या तांब्याची तार खाऱ्या हवेत आतून काळी पडते, वरून कळतही नाही. भांड्याला करतात तशी कल्हई केलेली तार मिळते, ती घ्या. चिकटपट्टी गुंडाळून केलेला सांधा मी आजही रोज एक तरी उघडतो आणि आतून हिरवी पूड सांडते.

इथपर्यंत वाचून मी एलईडीचा एजंट आहे असं कुणाला वाटेल. तेव्हा माझी चूकही सांगतो.

२०११ सालची गोष्ट. बाजारात जुन्या बल्बच्याच टोपीचे एलईडी बल्ब आले होते. जुना काढा, नवा फिरवून बसवा, संपलं. मी एका बोटीचे सगळे बल्ब असे बदलले. लाल काचेआड पांढरा एलईडी, हिरव्या काचेआड पांढरा एलईडी. किनाऱ्यावर उभं राहून पाहिलं, पेटले, पैसे घेतले. महिनाभराने बंदरातले एक चाचा, जुने तांडेल, रात्री परत येत होते. समोरच्या बोटीचे डाव्या बाजूचा लाल आणि उजव्या बाजूचा हिरवा दोन्ही दिसले तर ती सरळ आपल्यावर येतेय असं समजायचं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. चाचांना नुसता हिरवा दिसला. म्हणजे तिची उजवी बाजू आपल्याकडे, ती आडवी निघून जाणार. त्यांनी बोट तशीच ठेवली. अगदी जवळ आल्यावर हिरव्याच्या शेजारी विझत्या विडीसारखं काहीतरी लालसर दिसलं आणि त्यांनी सुकाणू दाबलं. दोन बोटींत दोन-तीन वावांचं अंतर राहिलं.

दुसऱ्या दिवशी चाचा तो लाल दिवाच खोलून घेऊन माझ्याकडे आले. टेबलावर ठेवला. ओरडले नाहीत. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. म्हणाले, "बेटा, हा लाल आहे?"

लाल नव्हताच तो. पांढरा एलईडी म्हणजे मुळात निळा चिप, त्यावर पिवळ्या पावडरचा थर. दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं दिसतं, पण त्या उजेडात लाल भाग फार थोडा. तारेच्या बल्बमध्ये उलट, लाल-पिवळंच भरपूर. म्हणून लाल काचेतून जुन्या बल्बचा उजेड निघायचा आणि माझ्या नव्या, पांढऱ्याशुभ्र, जास्त प्रखर बल्बचा काचेतच अडकायचा. आणखी एक भानगड होती. जुन्या दिव्याची काच एका उभ्या तारेभोवती बेतलेली असते. बाजूचा दिवा बरोबर ११२.५ अंशांत दिसावा, नाळेच्या पलीकडे सांडू नये, म्हणून. माझ्या बल्बवर चहूबाजूंनी वीस चिप चिकटवलेले. हिरवा पलीकडच्या बाजूला सांडत होता, लाल दिसतच नव्हता. त्या दिवसापासून मी जुन्या खोक्यात नवा बल्ब घालत नाही. लालला लालच चिप, हिरव्याला हिरवाच, कारखान्यातून बंद होऊन आलेला, कोन आणि किती मैलांवरून दिसतो हे अंगावर छापलेला दिवा असेल तरच बसवतो. महाग पडतो. बरेच नाखवे परत जातात. जाऊ देत.

स्वस्त एलईडीचा दुसरा उपद्रव डोळ्याला दिसत नाही. त्याच्या आतला ड्रायव्हर करंट फार वेगाने चालू-बंद करत असतो, आणि तो हलक्या प्रतीचा असला तर त्याची खरखर व्हीएचएफमध्ये, म्हणजे बोटीवरच्या वायरलेसमध्ये, शिरते. काठीवर अँटेना, तिच्या शेजारीच दिवा. अमेरिकेच्या कोस्ट गार्डने २०१८ मध्ये याच कारणाने सावधगिरीची सूचना काढली होती. त्यात तपासायची सोपी रीत दिली आहे. सगळे एलईडी बंद करून सेट शांत चॅनलवर ठेवा, खरखर जेमतेम थांबेल इतपत स्क्वेल्च (खरखर दाबायचं बटण) फिरवा, मग एकेक दिवा लावा. एखादा लावल्यावर खरखर परत आली तर तो दिवा तिथून काढा. मी तर तो समुद्रात टाका म्हणायचो, पण तिथे कचरा आधीच पुष्कळ आहे. चॅनल १६ वर कुणी मदतीसाठी ओरडत असेल आणि आपल्याला आपल्याच दिव्यामुळे ते ऐकू येत नसेल, तर तो उजेड काय कामाचा?

आता जास्तीच्या उजेडाबद्दल. गेल्या काही वर्षांत केबिनभोवती रंग बदलणाऱ्या पट्ट्या लावायचं वेड आलंय. निळं, जांभळं, लाल, हिरवं, सत्यनारायणाच्या मंडपासारखं. पोरांना हौस असते, मला कळतं. पण ज्या बोटीवर पाच रंग नाचतायत तिचा खरा लाल कुठला आणि हिरवा कुठला हे समोरच्याने कसं ओळखायचं? त्याच १९७२ च्या नियमांत लिहिलंय की ठरलेल्या दिव्यांशी गफलत होईल किंवा टेहळणीत अडथळा येईल असा दुसरा दिवा लावू नये. डेकवरचे फ्लडलाइट तर बाहेरच्या बाजूला तोंड करून लावतात. काळोखाला डोळा पुरता सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि फ्लडलाइटकडे एकदा पाहिलं की ती कमाई गेली. समोरच्याचीही आणि आपल्या तांडेलाचीही. फ्लडलाइट खाली डेकवर पाडा, वर झाकण लावा. केबिनमध्ये मंद लाल पुरतो. जाळ्याच्या बोयावर लुकलुकणारे लाल-हिरवे चिनी दिवे हा वेगळाच विषय आहे, त्यावर लिहायला बसलो तर पान पुरणार नाही.

उजेड लागतो तरी किती? आमच्याकडचे ट्रॉलर बहुतेक १२ मीटरच्या वरचे. त्यांच्या लाल-हिरव्या दिव्यांनी दोन सागरी मैलांवरून दिसलं पाहिजे, आणि त्यासाठी नियमांत मागितलेली तीव्रता आहे ४.३ कँडेला. एक कँडेला म्हणजे ढोबळमानाने एक मेणबत्ती. चार-पाच मेणबत्त्यांएवढा उजेड, योग्य रंगाचा, योग्य दिशेला. बस्स. २० नॉटने, म्हणजे ताशी २० सागरी मैलांनी, येणारं मालवाहू जहाज दोन मैल सहा मिनिटांत तोडतं. जाळं मागे असलेला ट्रॉलर दोन-तीन नॉटने सरकत असतो, त्याला पटकन वळता येत नाही. त्या सहा मिनिटांत जहाजावरच्या माणसाला कळायला हवं की समोर काय आहे आणि त्याचं तोंड कुठे आहे. पट्ट्या लावलेली बोट त्याला दहा मैलांवरूनही दिसेल. काय आहे ते मात्र कळणार नाही.

बंदी असलेली एलईडी मासेमारी याच्या अगदी उलट टोकाला आहे. तिथे बोटीवर जनरेटर असतो, हजारो वॅटचे दिवे असतात, काही तर सीलबंद करून पाण्यात सोडलेले. पाणी लाल उजेड आधी गिळतं, निळा-हिरवा खोल जातो, आणि एलईडीत तो रंग स्वस्तात मिळतो. उजेडाकडे बारीक जीव जमतात, त्यांच्यामागे तारली, बांगडा, माकूल, पिल्लांसकट. मग वरून पर्ससीन जाळ्याचा फास. किनाऱ्यावरून जाळं ओढणारे रापणवाले आणि छोटे मच्छीमार याविरुद्ध ओरडतायत ते खरंच आहे, मी त्यांच्या बाजूचा आहे. केंद्राने १० नोव्हेंबर २०१७ च्या आदेशाने राज्याच्या हद्दीपलीकडच्या समुद्रातही ही पद्धत बंद केली. राज्याने आपला १९८१ चा सागरी मासेमारी कायदा २०२१ मध्ये दुरुस्त करून दंड वाढवला. या सगळ्यात बंदी आहे ती उजेड दाखवून मासे गोळा करण्यावर. दिव्याच्या आतल्या चिपवर कुणी बंदी घातलेली नाही. मासे गोळा करायला गॅसबत्ती टांगली तरी ती कृत्रिम उजेडाची मासेमारीच. पण 'एलईडी बोट', 'एलईडीवाला' हे शब्द पेपरातून रोज येतात, आणि आमच्या बंदरावर त्याचा अर्थ झाला आहे 'एलईडी म्हणजे गुन्हा'. म्हणून माणसं तीन वॅटचा नीट दिवा काढून २५ वॅटचा बल्ब मागतायत, जो ती रात्री दोन वाजता विझवणार आहेत.

आपल्याकडे मागणं इतकंच की बातमीत 'प्रखर दिव्यांवरची मासेमारी' असं लिहावं. एक शब्द जास्त जाईल.

मत्स्यव्यवसाय खात्याकडेही एक मागणं आहे, आपल्यामार्फत. बोटीचे कागद, इंजिन, लाइफ जॅकेट तपासली जातात, आणि दिवे दिवसाढवळ्या 'आहेत' म्हणून खूण होते. दिवे रात्री तपासा. माणूस किनाऱ्यावर उभा करा, बोट सावकाश गोल फिरवा, कुठल्या कोनात कुठला रंग दिसतो ते पाहा. अर्ध्या तासाचं काम आहे. हर्ण्याला बोटी सुवर्णदुर्गाच्या आडोशाला उघड्या पाण्यात नांगरतात, तिथे नांगराचा पांढरा दिवा किती बोटींवर लागतो तेही एखाद्या रात्री येऊन मोजा. आणि डिझेलवर सवलत मिळते तशी नियमात बसणाऱ्या दिव्यांच्या संचावर मिळाली, तर माझ्याकडून परत जाणारे नाखवे परत जाणार नाहीत. यात माझा फायदा आहे, हे कबूल.

सध्या १ जून ते ३१ जुलै पावसाळी मासेमारीबंदी आहे. बोटी ओढून, शाकारून ठेवल्यात. वायरिंगला हाच काळ, कारण बोट हलत नाही आणि मलाही ती लागत नाही. हर्णे, पाजपंढरी आणि आंजर्ल्यातल्या कुणाला आपल्या दिव्यांचे कोन तपासून हवे असतील, तर नारळी पौर्णिमेपर्यंत मी ते फुकट करून देईन. बॅटरी मात्र भरून आणावी.

आपल्या फोटोतली बोटही इथेच वर ओढलेली आहे. झाप बाजूला करून मी तिचे दिवे लावून देतो. आपल्या फोटोग्राफरला संध्याकाळी सातनंतर पाठवा. पुढून, दोन्ही बाजूंनी आणि मागून, चारही फोटो काढू द्या, आणि या वेळी खालची ओळ मला लिहू द्या.

आपला,
हर्णे बंदरातला एक बोट-वायरमन
(ता. दापोली, जि. रत्नागिरी)